कवटीतील वाढता दाब : उपचाराची निवड दृष्टीवरून

सततची डोकेदुखी, वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे येणारी अंधारी, नाडीच्या ठोक्यांबरोबर कानात घुमणारा आवाज... ही लक्षणे अर्धशिशीची किंवा चष्म्याचा नंबर बदलल्याची समजून अंगावर काढली जातात. त्यामागे ‘इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन’ हा विकारही असू शकतो. यात मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढतो. गाठ मात्र सापडत नाही. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. पूर्वी या विकाराच्या नावात ‘सौम्य’ हे विशेषण असे. परंतु दृष्टी कायमची जाण्याचा धोका लक्षात आल्यावर ते मागे पडले.

निदान
नेत्रतपासणीत दृष्टिमज्जातंतूच्या टोकाशी सूज दिसते. एमआरआय व व्हेनोग्राफी करून गाठ आणि शिरांमधील रक्ताची गुठळी नसल्याची खात्री केली जाते. त्यानंतर पाठीच्या कण्यातून सुई घालून द्रवाचा दाब मोजतात. प्रौढांत तो २५ सेंटिमीटर किंवा अधिक भरल्यास निदानाला पुष्टी मिळते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांमुळेही दाब वाढतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे ठरते.

वजन आणि औषधे
वजन घटविणे हा उपचाराचा पाया होय. ब्रिटनमध्ये ६६ लठ्ठ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या कार्यक्रमापेक्षा बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेने दाब अधिक उतरला. औषधांत अॅसिटाझोलामाइड प्रमुख आहे. अमेरिकेतील १६५ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) आहारनियंत्रणाला या औषधाची जोड दिल्यावर दृष्टिक्षेत्रात माफक, पण निश्चित सुधारणा दिसली. बोटांना मुंग्या येणे, तोंडाची चव बदलणे व मूतखडा हे त्याचे दुष्परिणाम आहेत. टोपिरामेट हे औषधही काही वेळा दिले जाते. मात्र त्यामुळे गर्भाला धोका संभवतो.

शस्त्रक्रिया
दृष्टी झपाट्याने घटू लागल्यास थांबून चालत नाही. जादा द्रव पोटाच्या पोकळीत वळविणारी शंट नळी बसविणे, दृष्टिमज्जातंतूच्या आवरणाला छेद देणे किंवा मेंदूतील अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट घालणे, असे पर्याय आहेत. शंट कालांतराने तुंबू शकतो व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

डोकेदुखी थांबली म्हणजे डोळे सुरक्षित झाले, असे नाही. दृष्टिक्षेत्र कडेने हळूहळू आक्रसते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. त्यामुळे बरे वाटू लागल्यावरही नेत्रतज्ज्ञांकडील नियमित तपासणी टाळू नये.