बंद पेटीतली स्मृती : ऑल-इन-वन संगणकातील डिस्क बदलण्याचा इतिहास (थ्रेड)

१/
ज्या संगणकाची मूळ किंमत २,४९५ डॉलर, त्याच्या पोटात बसवायच्या डिस्कची किंमत २,७९५ डॉलर! वर्ष १९८५. तरीही ती डिस्क विकत घेणारे लोक होते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, ते यंत्र ग्राहकाने कधी उघडूच नये अशा बेताने घडवलेले होते. बंद पेटी उघडण्याच्या या हट्टाचा इतिहास आजच्या थ्रेडमध्ये पाहू.

२/
विषय सुचण्याचे कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या अभ्यासगटाच्या ऑल-इन-वन संगणकातून, म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच अंगात असलेल्या संगणकातून, टिक्-टिक् असा आवाज येऊ लागला. आत तीन वर्षांच्या श्रमाने टिपलेली मोडी कागदपत्रांची छायाचित्रे होती. डिस्क मरणपंथाला लागली होती आणि ती काढायची कशी, हे यंत्राकडे पाहून कळत नव्हते. कुठे स्क्रू दिसेना, कुठे फट दिसेना. त्या दिवशी प्रथमच मनात आले : ही पेटी बंद कोणी केली, आणि का?

३/
थोडे मागे जाऊ. चुंबकीय डिस्कचा जन्म सप्टेंबर १९५६ चा. आयबीएमच्या ‘रॅमॅक’ या यंत्रासोबतचे डिस्क-कपाट एका टनाहून जड होते. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ते विकत नव्हे, तर मासिक भाड्याने मिळे. डिस्क बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ती सांभाळायला कंपनीचेच तंत्रज्ञ येत.

४/
१९८० साली पुढे ‘सीगेट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने सव्वापाच इंची डिस्क आणली. क्षमता ५ मेगाबाइट, म्हणजे जवळपास रॅमॅकइतकीच. पण आकार एखाद्या जाडजूड पोथीएवढा. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या ‘रोडाइम’ने साडेतीन इंची डिस्क काढली. कपाटाएवढी स्मृती अवघ्या २७ वर्षांत तळहातावर येऊन बसली. आता ती घरगुती संगणकाच्या पोटात मावू शकत होती. प्रश्न उरला तो पोट उघडे ठेवण्याचा.

५/
२४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने मॅकिंटॉश लोकांसमोर ठेवला. नऊ इंची पडदा, यंत्र आणि फ्लॉपी ड्राइव्ह, सारे एकाच डब्यात. या प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांची कल्पना अशी होती की संगणक हे घरातील साधे उपकरण असावे. त्याच्या अंतरंगाशी वापरणाऱ्याचा संबंध येऊच नये. पुढे प्रकल्पाची सूत्रे स्टीव्ह जॉब्स यांच्याकडे गेली, तरी बंद पेटीचे तत्त्व कायम राहिले. अधिकचे कार्ड बसवायला एकही खाच ठेवली गेली नाही.

६/
हे बंदिस्तपण स्क्रूंपर्यंत पोहोचले होते. डब्याच्या वरच्या मुठीतील खोल भोकांत टॉर्क्स जातीचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे स्क्रू होते. नेहमीचा पेचकस तिथे पोहोचतही नसे आणि बसतही नसे; लांब दांड्याचा खास पेचकस लागे. त्यातून आत पडद्याची काचनळी. तिच्यात हजारो व्होल्टचा विद्युतभार यंत्र बंद केल्यावरही साठून राहू शकतो, त्यामुळे अजाणत्या हाताला खरोखरीचा धोका होता.

७/
या बंद डब्यातली एक गंमत इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष भावेल. झाकणाच्या आतल्या बाजूवर यंत्र घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या कोरलेल्या होत्या. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांनी एका कागदावर सह्या केल्या आणि त्या साच्यात उतरवल्या गेल्या. ज्या जागी ग्राहकाची नजर जाऊ नये अशी अपेक्षा, नेमका तिथेच हा लेख! देवळाच्या पायाच्या दगडावर पाथरवटाने खूण करून ठेवावी, तसाच हा प्रकार.

८/
या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. साठवणुकीची सारी भिस्त ४०० किलोबाइटच्या एका फ्लॉपीवर. त्याच फ्लॉपीवर प्रणाली, त्यावरच प्रोग्राम आणि उरलेल्या जागेत आपले लेखन. स्मृती अवघी १२८ किलोबाइट असल्याने एका फ्लॉपीची नक्कल करताना दोन्ही फ्लॉप्या पुनःपुन्हा आतबाहेर कराव्या लागत. सुंदर पडद्यापुढे बसलेला माणूस दिवसभर फ्लॉप्या बदलत राही.

९/
काही कंपन्यांनी बाहेरून जोडायच्या डिस्क काढल्या. पण त्यांना प्रिंटर वा मॉडेमसाठीच्या पोर्टमधून माहिती पाठवावी लागे. ती वाट अरुंद आणि मंद होती. म्हणजे महामार्ग पेटीच्या आत होता आणि बाहेर आलेली होती ती केवळ पाऊलवाट.

१०/
इथे आपल्या कथेचा नायक प्रवेश करतो : मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन’. या मंडळींचा पूर्वेतिहास आर्केड खेळांचा. सुप्रसिद्ध ‘मिस पॅक-मॅन’ हा खेळ त्यांनीच घडवला होता, आणि त्याचा उगमही दुसऱ्याच्या यंत्रात बसवायच्या सुधारणा-संचातून झाला होता. दुसऱ्याने बंद केलेली पेटी उघडून तिच्यात आपले काही बसवणे हा त्यांचा जणू मूळ व्यवसायच! १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला आणि त्यांनी आपला मोहरा मॅकिंटॉशकडे वळवला.

११/
त्यांच्या उत्पादनाचे नाव ‘हायपरड्राइव्ह’. क्षमता १० मेगाबाइट, म्हणजे २५ फ्लॉप्यांइतकी. ही डिस्क मॅकिंटॉशच्या डब्यातच बसे. पण आत डिस्क जोडण्याची सोय मुळी नव्हतीच. मग जोडायची कुठे? त्यांनी ती थेट मध्यवर्ती प्रोसेसरला जोडली. वेशीवर अडवले, तेव्हा हे लोक तडक राजवाड्याच्या अंतःपुरातच उतरले! परिणामी वेग इतका लाभला की त्याच वर्षी अ‍ॅपलने आणलेली बाहेरची डिस्क तिच्यापुढे फारच संथ ठरली.

१२/
तथापि पेटी उघडली म्हणून सारे अडथळे संपले नाहीत. मॅकिंटॉशची फाइल-व्यवस्था लहानशा फ्लॉपीसाठी रचलेली होती. पडद्यावर दिसणारे फोल्डर हा निव्वळ आभास होता. प्रत्यक्षात साऱ्या फाइलींची एकच लांबलचक यादी असे. १० मेगाबाइटमध्ये शेकडो फाइली आल्या की ही व्यवस्था गुदमरे. म्हणून हायपरड्राइव्हची जागा अनेक भागांत विभागावी लागे. त्या भागांना ‘ड्रॉवर’, म्हणजे खण, म्हणत. दफ्तरखान्यात जागा वाढली, पण सूची जुनीच राहिली, तर कारकुनाची जी अवस्था होईल, तीच इथे झाली.

१३/
आता परिणाम पाहा. सप्टेंबर १९८५ मध्ये अ‍ॅपलने स्वतःची २० मेगाबाइटची बाह्य डिस्क आणली आणि तिच्यासोबत खऱ्याखुऱ्या फोल्डरांची नवी फाइल-व्यवस्था दिली. जानेवारी १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये वेगवान स्कझी पोर्ट आला. मार्च १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये तर हार्ड डिस्क आतच बसवण्याची सोय झाली, आणि कार्डासाठी खाचही मिळाली. पहिल्या यंत्राने नाकारलेली गोष्ट तीन वर्षांत अधिकृत झाली. हे एकट्या हायपरड्राइव्हचे श्रेय नव्हे. डिस्क स्वस्त होत होत्या, स्पर्धकांची यंत्रेही उघडी होती. पण पेटीच्या आत डिस्कला जागा आहे आणि ग्राहकाला तिची गरज आहे, हे बाहेरच्या लोकांनी आधी सिद्ध केले, एवढे निश्चित.

१४/
इथे कथा संपली असती, तर ती सरळ प्रगतीची झाली असती. इतिहास मात्र क्वचितच सरळ चालतो. १९९८ साली आलेल्या पहिल्या आयमॅकमध्ये ४ गिगाबाइटची डिस्क होती, हायपरड्राइव्हच्या सुमारे ४०० पट. २००४ च्या आयमॅक जी५ मध्ये तर कमालच झाली : तळाचे तीन स्क्रू सैल करा, मागचे झाकण उचला, आणि सारे अंतरंग पुस्तकासारखे समोर उघडे. डिस्क ग्राहकाने स्वतः बदलावी, यासाठी कंपनीने सूचनापत्रकेही दिली. बंद पेटीच्या घराण्यात जन्मलेले हे सर्वांत उघडे अपत्य.

१५/
मग लंबक उलटा फिरला. २००७ पासून पडद्यापुढची काच चुंबकांनी धरलेली. ती काढायला रबरी शोषक लागत. २००९ च्या यंत्रांत डिस्कचे तापमान मोजणारी तार डिस्क बनवणाऱ्या कंपनीगणिक वेगळी. २०११ मध्ये ही मोजणी डिस्कच्या वीजजोडणीतून आणि खास फर्मवेअरमधून होऊ लागली. बाजारातली साधी डिस्क बसवली, तर यंत्राला तापमान कळेना आणि पंखे पूर्ण वेगाने घोंगावू लागत. पेटी उघडता येत होती, पण आत आलेला पाहुणा यंत्र ओळखत नव्हते.

१६/
२०१२ च्या अखेरीस आलेल्या आयमॅकची कड अवघी ५ मिलिमीटर जाडीची. तेवढ्या पातळपणासाठी पडदा चौकटीला चक्क चिकटपट्टीने डकवला गेला. डिस्क बदलायची तर पट्टी कापून पडदा सोडवायचा, काम झाल्यावर नवी पट्टी लावायची. मध्ये पडदा तडकला तर खर्च डिस्कच्या कितीतरी पट. आणि २०२१ च्या एम१ आयमॅकमध्ये साठवणुकीच्या चिपा मुख्य बोर्डावरच डाखलेल्या आल्या. डिस्क नावाचा सुटा भागच उरला नाही.

१७/
यामागे केवळ दुष्ट हेतू शोधणे हा आळशी इतिहास ठरेल. कारणे खरी आहेत. प्रोसेसरजवळ डाखलेल्या चिपांमुळे जागा वाचते, जोडणीचे सैल दुवे कमी होतात. माहिती त्याच यंत्राच्या किल्लीने कूटबद्ध राहते, म्हणून चोराच्या हाती चिपा लागल्या तरी त्या वाचता येत नाहीत. पण याच वैशिष्ट्याची दुसरी बाजू अशी की बोर्ड निकामी झाला, तर धन्याच्या हातीही काही लागत नाही. जी भिंत चोराला अडवते, तीच वारसालाही अडवते.

१८/
म्हणूनच हा प्रश्न आता कायद्याच्या दारात पोहोचला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने ही क्षेत्रे त्यात घेतली आहेत. १९८५ साली लांब पेचकसाने विचारलेला प्रश्न आज धोरणाच्या भाषेत विचारला जातो आहे : वस्तू विकत घेतली, तर ती उघडण्याचा अधिकारही विकत मिळतो का?

१९/
आमच्या संगणकाचे काय झाले? आधी यंत्र न उघडताच सारी माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली; त्याला दोन रात्री लागल्या. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी आणि तिला साडेतीन इंची जागेत बसवणारी पत्र्याची चौकट आणली. स्क्रू होते, पण पायाखालच्या रबराच्या चकत्यांआड दडलेले! झाकण निघाल्यावर प्रत्यक्ष बदल अर्ध्या तासाचा. आपल्यावर अशी वेळ आली, तर क्रम हाच ठेवा : आधी नक्कल, मग आपल्या नेमक्या मॉडेलमध्ये डिस्क सुटी आहे की डाखलेली याची चौकशी, आणि पेचकस सर्वांत शेवटी.

२०/
हजारो छायाचित्रांपैकी सदतीस उघडली नाहीत. त्यांतील बहुतेकांची मूळ पत्रे अजून जागेवर आहेत. पुन्हा जाऊन टिपता येतील. नऊ छायाचित्रे मात्र अशा एका रुमालातील होती, जो ज्या वाड्यात होता तो वाडा गेल्या वर्षी पाडला गेला. रुमाल कुठे गेला, हे त्या घरच्यांनाही ठाऊक नाही. दोनशे वर्षे वाळवी आणि पावसातून तगलेला कागद, आणि सात वर्षांत थकलेली डिस्क. आपण स्मृती कशावर ठेवतो, त्याइतकेच ती पेटी आपल्याला उघडता येते की नाही, हेही महत्त्वाचे. भावी इतिहासकाराचे दफ्तर आज अशाच पेट्यांत साठते आहे.

आपल्या घरातील जुन्या संगणकात काय पडून आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे? अवश्य कळवा. पुढच्या थ्रेडमध्ये : फ्लॉपीचा उदय आणि अस्त.