गळालगतची वीतभर दोरी

पैनगंगेच्या काठी एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने रिकामी दोरी ओढून माझ्यापुढे धरली. तिचे टोक कापलेले नव्हते. घासून पिंजलेले होते. "फादर, शिवडा गळ घेऊन गेला," तो म्हणाला. गळाचे मोल ते काय! पण तोंडात लोखंड रुतलेला मासा डोहात शिरला, याची रुखरुख त्यालाही होती आणि मलाही. गळालगतचा वीतभर तुकडा कशाचा असावा, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

गळाने मासे धरण्याची विद्या आपल्या दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या सुमारे ११२९-३१ मधील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. (महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असे सांगणारा ग्रंथ तो हाच.) मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा परिचय अभ्यासकांना करून दिला. शिवडा तर त्याहूनही जुन्या ओळखीचा. मनुस्मृतीतील 'पाठीन' म्हणजे हाच मासा, असे जाणकार मानतात.

दोरीला तारेची जोड देण्याचा स्पष्ट उल्लेख मात्र मला इंग्लंडमध्ये सापडला. १४९६ साली छापलेल्या गळ-मासेमारीवरील एका प्रबंधात पाइक या दातेरी माशासाठी तपकिरी रंगविलेली दोरी घेऊन तिला तारेने सज्ज करावे, असे सांगितले आहे. परंपरेने हा प्रबंध ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर आहे. विद्वानांना ते मान्य नाही. मला मात्र ती कल्पना सोडवत नाही.

पुढे रेशीमकिड्याची 'गट' आली. कोश विणण्याच्या बेतात असलेला किडा शिर्क्यात बुडवून त्याच्या रेशीमग्रंथी ताणून हा धागा काढीत. स्पेनमधील मुर्सिया हे त्याचे मोठे केंद्र. तो पाण्यात सहज दिसत नसे, परंतु कोरडा असता ठिसूळ, म्हणून वापरापूर्वी भिजवावा लागे. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि हा उद्योग मावळला. आपल्याकडे नायलॉनची दोरी 'तंगूस' म्हणून रुळली. १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बनची दोरी आणली. तिचा प्रकाशवक्रीभवनांक सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणजे नायलॉनपेक्षा ती पाण्यात कमी उठून दिसते, शिवाय घासही अधिक सोसते.

मग तारच का नको? याचे उत्तर दातांत आहे. समुद्रातील सुरमईचे दात पात्यासारखे. ते दोरी एका झटक्यात छेदतात, तेथे पोलादी तारेला पर्याय नाही. शिवड्याला इंग्रज शिकारी 'गोड्या पाण्यातील शार्क' म्हणत खरे, पण त्याच्या जबड्यात बारीक, आत वळलेल्या दातांचे दाट पट्टे असतात. तो छेदत नाही, कानशीसारखा घासतो. मरळीचे दात टोकदार, तरी सुरीसारखे नव्हेत. तेव्हा वर्धा-पैनगंगेच्या पाण्यात जाड तंगुसाचा किंवा फ्लुओरोकार्बनचा हातभर तुकडा बहुधा पुरतो. तार एकदा मुडपली की तेथेच तुटते, आणि सावध मासा ती पाहून आमिषाला शिवत नाही.

त्या तरुणाने आता जाड तुकडा बांधला आहे. प्रत्येक माशानंतर तो त्यावरून नखाग्र फिरवतो. खरबरीत लागले, की तेवढे कापून गळ पुन्हा बांधतो. कापलेला तुकडा काठावर न टाकता खिशात घालतो, कारण तंगूस कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो.