वऱ्हाडचा धनी कोण?

बुलढाणा जिल्ह्यांत, जिजाबाईंच्या सिंदखेडापासून फारशा दूर नसलेल्या टापूंत, साखरखेर्डा नांवाचें एक गांव आहे. इ. स. १७२४ च्या आक्टोबर महिन्यांत या गांवाजवळ निजाम-उल्-मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखानास दिल्ली-दरबाराची फूस होती. निजामास थोरल्या बाजीराव पेशव्यांचें साहाय्य मिळालें. मुबारिजखान रणांत पडला, दक्षिणेचा सुभा निजामाच्या हातीं आला, आणि विजयाची खूण म्हणून साखरखेर्ड्यास फत्तेखेर्डा असें नांव देण्यांत आलें. सव्वादोनशें वर्षें टिकलेल्या हैदराबाद संस्थानाचा पाया असा वऱ्हाडच्या काळ्या मातींत घातला गेला. ज्या मातींत तें राज्य जन्मलें त्याच मातीचा धनी कोण, हा प्रश्न मात्र त्या राज्यास अखेरपर्यंत समाधानकारक रीतीनें सोडवितां आला नाहीं.

वऱ्हाडच्या नशिबीं एक धनी प्रथमपासूनच नव्हता. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनीं या प्रांतावर आपला हक्क बसविल्यापासून येथें दुअंमल सुरू झाला. एकाच गांवच्या उत्पन्नांतून निजामाचा अंमलदार आपला वांटा नेई आणि भोसल्यांचा कामाविसदार आपला. दोघांच्या मध्यें पाटील, पांड्या व देशमुख हिशेब राखीत, आणि सर्वांचें देणें भागवून जें उरेल तें कुणब्याच्या घरीं जाई. इ. स. १८०३ मध्यें अडगांवच्या लढाईंत व गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख त्यांना सोडावा लागला व तो इंग्रजांनीं आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या, पदरांत टाकला. दुअंमल संपला, पण रयतेचे हाल संपले नाहींत. हैदराबादच्या दरबारास पैशाची चणचण नेहमींचीच असल्यामुळें महालांची वसुली इजाऱ्यानें सावकारांस देण्यांत येऊं लागली. पुरणमलासारखे हैदराबादी सराफ व पेस्तनजी विकाजीसारखे पारशी पेढीवाले दरबारास कर्जाऊ रकमा देत व त्यांच्या फेडीकरितां वऱ्हाडचे महाल ताब्यांत घेत. ज्यास दोन वर्षांनीं इजारा राहील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, तो विहीर कशास खोदील व पडीत जमीन लागवडीस कशास आणील? त्यास वसुलीखेरीज दुसरें काम नव्हतें.

यापुढचा सावकार मात्र पेढीवर बसणारा नव्हता. तो सैन्यासह आलेला होता. इ. स. १८०० च्या तहाप्रमाणें युद्धप्रसंगीं निजामानें सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावें असें ठरलें होतें. पुढें रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं एक कवायती पलटण उभी करण्यांत आली. हीच वाढतां वाढतां ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. तहांत उल्लेख युद्धकाळाचा. परंतु ही फौज शांततेच्या काळींही कायम राहिली आणि तिचा सर्व खर्च निजामाच्या माथीं बसला. तैनाती फौज निराळी, ही निराळी. पगार थकले म्हणजे कंपनी सरकार आपल्या तिजोरींतून ते भागवी व रक्कम निजामाच्या नांवें लिही. असें करतां करतां इ. स. १८५३ पर्यंत हें कर्ज चाळीस लाखांच्या वर गेलें.

त्या वेळीं गव्हर्नर जनरलच्या खुर्चीवर लॉर्ड डलहौसी होता. मुलूख तोडून दिल्यावांचून कर्ज फिटणार नाहीं, हें त्यानें दरबारास स्पष्ट कळविलें. नासिर-उद्-दौला निजामानें पुष्कळ आढेवेढे घेतले. पण अखेर २१ मे १८५३ रोजीं रेसिडेंट कर्नल लो याच्याशीं तह झाला. वऱ्हाड, धाराशिवचा मुलूख व रायचूरचा दुआब हे प्रांत कंटिंजंटच्या खर्चाकरितां इंग्रजांच्या कारभाराखालीं गेले. तह घडवून आणणारा दिवाण सिराज-उल्-मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला व त्याचा तरुण पुतण्या सालारजंग हा दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळविणें हा या कर्तबगार पुरुषाचा जन्मभरचा ध्यास होऊन बसला.

या तहाची मेख अशी होती कीं, त्यानें राज्य दिलें नाहीं, केवळ कारभार दिला. वऱ्हाडचें सरकारी नांव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असें पडलें. प्रांताचे प्रथम दोन भाग करण्यांत आले. दक्षिण भागाचें ठाणें हिंगोली व उत्तर भागाचें बुलढाणा. घाटमाथ्यावरील थंड हवेचें तें लहानसें खेडें असें एकाएकी कचेरीचें गांव बनलें. बंडाची धामधूम ओसरल्यावर इ. स. १८६० मध्यें दुसरा तह झाला. त्यानें धाराशिव व रायचूर हे प्रांत निजामास परत मिळाले, सुरापूरचें संस्थान त्यास बक्षीस मिळालें, पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें; वऱ्हाड तेवढें इंग्रजांकडे ठेव म्हणून राहिलें. कर्ज माफ झालें, तरी त्या कर्जाकरितां तोडून दिलेला मुलूख सुटला नाहीं, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. इ. स. १८६४ मध्यें पश्चिम वऱ्हाडांतून एक निराळा जिल्हा काढण्यांत आला. तो कांहीं काळ मेहेकर जिल्हा म्हणून ओळखला जाई. तोच आजचा बुलढाणा जिल्हा होय.

इंग्रजी कारभारानें वऱ्हाडास कांहींच दिलें नाहीं, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी व धाराबंदी झाली; खातेदाराचा हक्क कागदावर आला; इजारदार गेला. परंतु या सुधारणांच्या मागें कापसाची ओढ होती, हेंही विसरतां येत नाहीं. इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन मलकापूर, शेगांव, अकोला अशी पुढें सरकत इ. स. १८६७ मध्यें नागपुरास भिडली. खामगांव ही कापसाची मोठी पेठ. तिच्याकरितां जलंबपासून स्वतंत्र फांटा घालण्यांत आला व इ. स. १८७० मध्यें त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पुढें कारंजा येथें इ. स. १८८६ मध्यें सरकारी नियमांनीं चालणारा कापसाचा बाजार सुरू झाला, आणि इ. स. १८९७ च्या कायद्यानें वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांस नियम लागू झाले. ज्वारीच्या शेतांत कपाशी वाढली. भाव चढला कीं सावकार कर्ज देई व भाव पडला कीं तोच शेत लिहून घेई, हा फेरा वऱ्हाडी कुणब्याच्या मागें तेव्हांपासून लागला.

कर्ज, कापूस आणि परसत्ता यांचें हें त्रिकूट केवळ वऱ्हाडांतच दिसलें असें नाहीं. त्याच काळांत आफ्रिका खंडांतील मिसर देशाची कहाणी याच वळणानें गेली. अमेरिकन युद्धामुळें नाईल नदीच्या कांठचा कापूसही असाच महागला. त्या भरवशावर इस्माईल पाशानें कालवे, रेल्वे व राजवाडे यांकरितां युरोपांत अफाट कर्ज काढलें. युद्ध संपलें, भाव कोसळला, व्याज तेवढें वाढत राहिलें. इ. स. १८७५ मध्यें त्यानें सुवेझ कालव्याचे आपले भाग सुमारें चाळीस लक्ष पौंडांस इंग्लंडला विकले. पुढल्याच वर्षीं जमाखर्चावर परकी देखरेख बसली, १८७९ मध्यें त्यास पदच्युत करण्यांत आलें, आणि १८८२ मध्यें अलेक्झांड्रियावर तोफा डागून इंग्रज फौज देशांत शिरली. या फौजेंत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. मिसरवर तुर्की सुलतानाचें स्वामित्व १९१४ पर्यंत नांवाला शाबूत होतें. कारभार मात्र लॉर्ड क्रोमरच्या हातीं होता. हा क्रोमर त्यापूर्वीं हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री होता, ही गोष्ट सूचक आहे. स्वामित्व एकाचें ठेवावें व सत्ता आपण चालवावी, ही युक्ति कलकत्त्यास जुनीच होती.

इकडे सालारजंगानें प्रयत्नांत कसूर केली नाहीं. कंटिंजंटच्या खर्चापुरतें व्याज येईल एवढी रक्कम ठेव म्हणून देतों, वऱ्हाड परत करा, असें त्यानें सुचविलें. तें मान्य झालें नाहीं. इ. स. १८७६ मध्यें तो स्वतः विलायतेस गेला. निजाम अल्पवयी आहे, तो वयांत आल्यावर पाहूं, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें. निजाम मीर महबूब अलीखान वयांत आला १८८४ मध्यें. सालारजंग त्याच्या आदल्याच वर्षीं वारला होता. पुढें लॉर्ड कर्झननें निजामाची समक्ष भेट घेऊन प्रकरण मिटविलें. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें सालिना पंचवीस लक्ष रुपये खंडावर वऱ्हाड इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें देण्यांत आलें. प्रांताचें उत्पन्न या खंडाहून पुष्कळ अधिक होतें, आणि त्या खंडांतूनही प्रथम दुष्काळाच्या वेळचें कर्ज कापून घेण्यांत येऊं लागलें. ज्या फौजेकरितां हें सर्व घडलें ती कंटिंजंट १९०३ मध्यें हिंदी सैन्यांत विलीन झाली. त्याच वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलें गेलें, आणि १९०५ च्या फेररचनेंत खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यांत आले.

अशा रीतीनें वऱ्हाडी माणूस कायद्याच्या दृष्टीनें मोठ्या चमत्कारिक स्थितींत सांपडला. तो राही इंग्रजांच्या अंमलाखालीं, पण प्रजा निजामाची. त्याचा प्रांत ब्रिटिश हिंदुस्थानांत मोडत नसे, म्हणून तेथील कायदा येथें आपोआप लागू होत नसे; त्यासाठीं निराळें फर्मान काढावें लागे. इ. स. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडांत निवडणुका होत. पण निवडून आलेला गृहस्थ कायदेमंडळांत बसे तो सरकारनियुक्त सभासद म्हणून. मतदारांनीं निवडावें आणि सरकारनें तेंच नांव नेमणूक म्हणून जाहीर करावें, हा प्रकार लोकनायक अणे यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या बाबतींतही घडला.

इ. स. १९२३ मध्यें मीर उस्मान अलीखान निजामानें वऱ्हाडची मागणी पुन्हा पुढें केली व वऱ्हाडास स्वायत्त कारभार देण्याचें आश्वासनही दिलें. वऱ्हाडांतील बहुतेक पुढाऱ्यांनीं तिला विरोध केला. एका परक्याच्या हातून सुटून दुसऱ्या एकतंत्री सत्तेखालीं जाण्यांत त्यांना हित दिसलें नाहीं. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगनें तर मार्च १९२६ च्या पत्रांत निजामास बजावलें कीं, ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास बरोबरीच्या नात्यानें वाद घालतां येणार नाहीं. मग २४ आक्टोबर १९३६ रोजीं नवा करार झाला. निजामाचें स्वामित्व मान्य. त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब. इंग्रजी निशाणाशेजारीं निजामाचें निशाण. कारभार होता तेथेंच राहिला. दोनच महिन्यांपूर्वीं, ऑगस्ट १९३६ मध्यें, मिसरशींही इंग्रजांनीं तह केला होता. त्यांत स्वातंत्र्य मान्य झालें, पण सुवेझच्या कांठीं इंग्रज फौज राहिलीच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्रज गेले. हैदराबादशीं वाटाघाटी चालू असतां वऱ्हाडची गोष्ट पुन्हा निघाली. परंतु प्रांताचा कारभार नागपुराहून चालत होता तसाच चालू राहिला, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो वाद कायमचा मिटला. इ. स. १९५० च्या राज्यघटनेनें वऱ्हाड मध्यप्रदेशांत आलें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. मिसरमधील शेवटची इंग्रज पलटणही १९५६ च्या जूनमध्यें निघून गेली होती.

या सर्व तहांचे कागद चाळले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. १८०३, १८५३, १८६०, १९०२, १९३६ या पांचही वेळीं वऱ्हाडची व्यवस्था लागली. सह्या झाल्या, शिक्के उमटले. पण साखरखेर्ड्याच्या किंवा मलकापूरच्या कुणब्यास कोणी विचारलें नाहीं. शेत त्याचें, सारा त्याचा, कापूस त्याचा आणि कर्जही बहुधा त्याचेंच. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत, जमिनीची व शिक्षणाची अट न राहतां, या जिल्ह्यांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास प्रथमच मत विचारण्यांत आलें. वऱ्हाडचा धनी कोण, या प्रश्नाचें उत्तर तहनाम्यांना दीडशें वर्षांत देतां आलें नव्हतें. तें उत्तर त्या दिवशीं मतपेटीपुढें रांग लावून उभें होतें.