विचारणा आणि फेरफार



स्मृतिव्याख्यानासाठी मी संगणकाच्या सर्व्हरचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बीदरच्या परिसरात इतिहास म्हटला की किल्ला, बहमनी घुमट आणि महमूद गवानाचा मदरसा डोळ्यांपुढे येतो. तरीही आजच्या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न याच मातीत फार जुना आहे. दफ्तरात काय लिहिले आहे, हे कोणी व कसे विचारावे? आणि दफ्तरातील नोंद बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा?

महमूद गवान हा बहमनी राज्याचा वजीर. त्याने मोठमोठे प्रांत विभागून चारांचे आठ केले, जमिनीच्या पद्धतशीर मोजणीस चालना दिली आणि १४७२ साली बीदर येथे मदरसा उभारला. राज्य चालते ते नोंदींवर, हे त्याने ओळखले होते. परंतु त्याचा अंतही एका नोंदीनेच झाला. विरोधकांनी त्याच्या मोहोर सांभाळणाऱ्या सेवकास फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाच्या नावे राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने १४८१ साली त्याचा वध करविला. मोहोर खरी होती, मजकूर खोटा होता. दफ्तर वाचणाऱ्याकडून राज्यास फारसा धोका नसतो. धोका असतो तो दफ्तरात लिहिणाऱ्याकडून, हा धडा बीदरने तेव्हाच घेतला.

आता आपल्या आजोबांच्या काळाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातील जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेडकडील भाग आंध्र प्रदेशात गेला. सोयरिकी मात्र होत्या तेथेच राहिल्या. निलंग्याकडील शेताचा सातबारा मराठीत आणि भालकीकडील शेताची पहाणी कन्नडमध्ये, अशी दोन दफ्तरे एकाच घरास सांभाळावी लागली. उतारा हवा असेल तर अधिकाऱ्याच्या सवडीने हेलपाटे घालावयाचे आणि मिळेल तो कागद घ्यावयाचा, ही विचारणेची रीत होती.

या रीतीत मोठा पालट घडवून आणला तो कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ प्रकल्पाने. २००१ सालच्या सुमारास राज्यातील १७७ तालुक्यांच्या ठिकाणी संगणकाच्या खिडक्या सुरू झाल्या. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी नोंदी संगणकात आल्या आणि १५ रुपयांत पहाणीचा उतारा मिळू लागला. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. उतारा मागणे आणि फेरफार नोंदविणे ही दोन कामे तेथे वेगळ्या शिस्तीने चालविली गेली. उतारा कोणीही मागावा. फेरफारासाठी मात्र आधी आलेला अर्ज आधी निकालात काढावयाचा, आणि नोंदीस हात लावणाऱ्या अधिकाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच यंत्रात प्रवेश करावयाचा. गवानाच्या कोऱ्या कागदाला दिलेले हे उत्तरच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

सातासमुद्रापार अगदी निराळ्या कारणासाठी हीच विभागणी पुन्हा कशी शोधली गेली, हे आता पाहू.

सर्व्हर म्हणजे मागणी ऐकून उत्तर देणारा संगणक. जुन्या पद्धतीत येणाऱ्या प्रत्येक मागणीसाठी एक स्वतंत्र कारकून बसविल्यासारखी योजना असे. कारकुनाने दफ्तरखान्यात माणूस पाठवावा आणि तो परत येईपर्यंत हात बांधून बसावे. मागण्या हजारोंनी येऊ लागल्या तेव्हा ही योजना मोडकळीस आली. एका यंत्राने दहा हजार जोडण्या एकाच वेळी कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ साली मांडला. त्यावरील एक उपाय असा की कारकून एकच ठेवावा, पण त्याने वाट पाहत बसू नये. एकाची चिठ्ठी आत पाठवावी, तेवढ्यात दुसऱ्याचे ऐकावे आणि ज्याचा कागद येईल त्याचे काम पुढे चालवावे. पायथन भाषेतील टोर्नेडो ही सर्व्हरची चौकट याच तत्त्वावर उभी आहे. फ्रेंडफीड या कंपनीत ती घडली आणि फेसबुकने ती कंपनी घेतल्यानंतर २००९ साली सर्वांसाठी खुली झाली.

त्याच फेसबुकमध्ये २०१२ साली दुसरा प्रश्न उभा राहिला. मोबाइलवरील एका पडद्यासाठी अनेक खिडक्यांवर जावे लागे, आणि प्रत्येक खिडकी नको तेवढी माहिती हाती देई. यावर ग्राफक्यूएल ही विचारणेची भाषा तयार झाली. २०१५ साली तीही खुली झाली. तिची कल्पना साधी आहे. खिडकी एकच, आणि काय हवे ते विचारणाऱ्याने नेमके सांगावयाचे. ‘अमुक सर्व्हे क्रमांक, धारकाचे नाव आणि पीक, एवढेच’ असे विचारले की तेवढेच आणि त्याच आकारात उत्तर येते.

या दोहोंची सांगड घालणे अवघड नाही. टोर्नेडोमध्ये एक पत्ता नेमावयाचा. तेथे आलेली विचारणा वाचून आधी ठरविलेल्या आराखड्याशी ताडून पाहावयाची. प्रत्येक घटकाचे उत्तर आणणारे कार्य चालवावयाचे. आणि सारे एकत्र करून परत पाठवावयाचे. डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत सर्व्हर दुसऱ्या मागण्या ऐकत राहतो.

परंतु प्रत्येक सोयीची एक किंमत असते. एखादे कार्य वाट पाहण्याची ही रीत न पाळता अडून बसले, तर तो एकुलता एक कारकून अडतो आणि सारी रांग थांबते. शंभर शेतांची यादी मागून प्रत्येकाच्या धारकाचे नाव विचारले, तर दफ्तरखान्यात एकाऐवजी एकशेएक फेऱ्या होतात. त्या एकत्र बांधून नेण्याची तजवीज करावी लागते. शिवाय प्रश्नात प्रश्न गुंफण्याची मुभा असल्याने एकाच विचारणेने सर्व्हर दमून जाऊ शकतो. म्हणून तिच्या खोलीस मर्यादा घालावी लागते. सर्व्हर वाट पाहत बसला नाही म्हणून दफ्तरखाना वेगाने चालू लागत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

आणि आता मूळ मुद्दा. ग्राफक्यूएलमध्ये वाचणे आणि बदलणे यांना दोन वेगळी नावे आहेत. बदलासाठी तेथे जो इंग्रजी शब्द योजला आहे, तोच आपल्या महसूल खात्यात फेरफारासाठी वापरला जातो: म्यूटेशन. नियमही तसाच आहे. एका मागणीतील विचारणांची उत्तरे एकाच वेळी शोधली तरी चालते. फेरफार मात्र दिलेल्या क्रमाने, एकामागून एकच करावयाचे. तथापि दोन निरनिराळ्या माणसांकडून आलेल्या फेरफारांचा क्रम ही भाषा राखत नाही. एकाने नोंद वाचली, तो उत्तराची वाट पाहत असताना दुसऱ्याने ती बदलली, आणि पहिल्याने जुन्याच आधारावर नवी नोंद लिहिली, असा घोटाळा येथे सहज होतो. तो टाळण्याची जबाबदारी डेटाबेसवर आणि ही यंत्रणा रचणाऱ्यावर राहते. लिहिणाऱ्याचा अधिकार तपासणे हेही त्याचेच काम.

आपल्या शाळेतून आज अनेक विद्यार्थी हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे अशा यंत्रणा रचावयास जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, वेग ही कौतुकाची गोष्ट खरी, परंतु तिची गरज वाचणाऱ्यास अधिक. लिहिणाऱ्यास हवा तो क्रम आणि साक्ष. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास उतारा एक घटका उशिरा मिळाला तर त्याचा दिवस जातो. फेरफार चुकीचा झाला तर शेत जाते. ही बाब बीदरच्या मातीत वाढलेल्या मुलास दुसऱ्या कोणी शिकवावी लागू नये.