गायीचे पोट आणि गच्चीवरची टाकी

रुक्मिणीचे माहेर म्हणून कौंडण्यपूर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथे वर्धेच्या काठी उभे राहिले की पैलतीरी आर्वीचा मुलूख लागतो, गवळाऊ गायींचा. झाडाखाली रवंथ करणारी अशी एखादी गाय आपण पाहतो, तेव्हा खरे तर चालू गॅस-संयंत्रच पाहत असतो. तिच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात तापमान रात्रंदिवस ३९ अंशांच्या आसपास असते. तेथले सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि तयार झालेला मिथेन ढेकरांवाटे बाहेर पडतो.

माणसाने हा वायू गोळा केला तो मात्र गाळातून. १७७६ साली व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी त्याचे बुडबुडे धरले. आपल्याकडे माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७च्या सुमारास मैल्यापासून गॅस मिळवला गेला. पुढे जशभाई पटेलांची तरंगत्या झाकणाची टाकी खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेली आणि ‘गोबर गॅस’ हे नाव रुळले. त्या नावाने एक घोटाळा केला: शेण नाही तर गॅस नाही, अशी समजूत पक्की झाली. ज्या घरी तीन-चार जनावरे नाहीत त्याने या वाटेला जाऊच नये! वऱ्हाडात अशा घरांच्या चुली पऱ्हाट्यांच्या धुरातच राहिल्या.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी प्रश्नच उलटा केला. शेण म्हणजे गायीने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मिथेन करणारे जीव जनावराच्या पोटात राहतात, ते तिथल्या अन्नाच्या जिवावर. मग टाकीतही त्यांना अन्नच का देऊ नये? खराब धान्य, उरलेला भात, सडकी फळे? २००३च्या सुमारास त्यांच्या ‘आरती’ संस्थेने बाजारात मिळणाऱ्या पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या घेतल्या आणि मोठीत धाकटी उपडी घातली. असे संयंत्र शहरातल्या घराच्या गच्चीवरही मावते. शेण लागते ते सुरुवातीला, विरजणापुरते. कर्वे यांचा हिशोब असा: ४० किलो शेण ४० दिवसांत जेवढा मिथेन देते, तेवढा २ किलो पिठूळ पदार्थ एका दिवसात देतो. २००६ साली या कामाला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आम्हाला त्या आकड्यापेक्षा टाकीच्या दुखण्यात अधिक रस वाटतो. बैलाने ज्वारीच्या राशीत तोंड घातले की त्याचे पोट आंबते, तो चारा सोडतो; हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. टाकीचेही तेच. एकदम जास्त पीठ ओतले की आम्ल करणारे जीव पुढे धावतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि गॅस पेटेनासा होतो. उपायही गोठ्यातलाच: काही दिवस खाणे बंद, मग थोडेथोडे. थंडीत मात्र टाकी उणी पडते. गाय डिसेंबरच्या पहाटेही आतली ऊब राखते. टाकी गारठते आणि त्या दिवसांत शेगडीची ज्योत लहान होते.