डोळ्यात बसविलेले भिंग

मोतीबिंदूवरचा उपाय आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ असा लावतात की, शलाकेने गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारीत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दाविएलने ते डोळ्याबाहेर काढण्याची रीत घातली. पुढे दोनशे वर्षे प्रश्न उरला तो एवढाच, की काढलेल्या भिंगाच्या जागी काय? उत्तर होते जाडजूड चष्मा. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि कडेचे नीट दिसत नसे. ताण्यातला तुटलेला धागा हेरून गाठ मारणाऱ्या आपल्या सोलापूरच्या विणकराला असा चष्मा कितपत कामाचा? बरे, तो फुटला की माणूस पुन्हा आंधळाच!

उत्तर सापडले ते महायुद्धातून. लढाऊ विमानाच्या छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून बसत. हे छत ॲक्रिलिक प्लास्टिकचे, म्हणजे पर्स्पेक्सचे. या ठिकऱ्या डोळा मुकाट्याने सोसतो, हे लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी पाहिले आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या शुद्ध प्लास्टिकचे भिंग एका बाईच्या डोळ्यात बसविले. त्याची शक्ती चुकली. भिंग स्वच्छ राहिले, पण बाईंना जाड उणे नंबरचा चष्मा लागला. डोळ्यातले परके काढायचे की घालायचे, असे म्हणून थोर थोर नेत्रवैद्य रिडलेंवर उलटले. त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली ती 2000 साली. पुढच्याच वर्षी ते वारले.

या प्लास्टिकचा गुण म्हणजे टिकाऊपणा, आणि दोष म्हणजे ते वाकत नाही. 1967 साली अमेरिकेत केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून तीनेक मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेण्याची युक्ती काढली. पण गंमत पाहा, मोतीबिंदू बाहेर आला तीन मिलिमीटरमधून, आणि ताठ भिंग आत घालायला छेद वाढवायचा सहापर्यंत! म्हणून घडी घालता येणारे भिंग हवे झाले. आधी सिलिकोनचे आले. ते ओले झाले की निसटते, आत झटक्यात उघडते. आणि पुढे पडद्याच्या शस्त्रक्रियेत सिलिकोनचे तेल भरावे लागले तर ते भिंगालाच चिकटून बसते. मग मऊ ॲक्रिलिकचे दोन प्रकार आले. पाणी शोषणारा प्रकार हाताळायला सोपा, परंतु त्यातल्या काही भिंगांवर कॅल्शियमचे थर बसून ती पांढरी पडली. पाणी न शोषणारा प्रकार सावकाश उलगडतो. त्यात कधी बारीक चमकणारे ठिपके दिसतात, पण त्यांनी दृष्टी सहसा बिघडत नाही.

आपल्याकडे अडचण होती पैशाची. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने 1992 पासून ताठ भिंगे बनवून ती परदेशी मालाच्या सुमारे दहाव्या हिश्शाने दिली. 1994 नंतर जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम चालली, त्यात महाराष्ट्र होता. चष्मा मागे पडून भिंग सर्रास झाले ते त्या वर्षांत. शिवाय डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरका बोगदा काढून, बहुधा टाका न घालता, ताठ भिंग बसविण्याची हातची पद्धत रुळली. तिला महागडे यंत्र लागत नाही. त्यामुळे ‘स्वस्त ते टाकाऊ’ असे मी तरी म्हणणार नाही.

तरीही हिशेब इथे संपत नाही. भिंग ज्या पातळ पिशवीत बसते, तिची मागची बाजू महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होते आणि लोक म्हणतात, “मोतीबिंदू परत आला.” तो परत येत नसतो, लेसरने त्या पिशवीला लहानसे छिद्र पाडले की दिसू लागते. ताठ भिंगात हे अधिक घडते. पाणी न शोषणाऱ्या, चौकोनी कडेच्या भिंगात बरेच कमी. म्हणजे शहरातल्या पेन्शनराला ताठ भिंग चालून जाईल, कारण लेसरला जायला त्याला रिक्षा पुरते. पण करमाळ्याकडच्या वस्तीवरल्या म्हातारीला, जिला पुन्हा कोणी आणणार नाही, महाग भिंगाची गरज जास्त. शिबिरांत मात्र बहुधा उलटेच वाटप होते. भिंगाच्या पाकिटावरची चिठ्ठी केसपेपरावर चिकटवितात. तीवर जात आणि नंबर दोन्ही असतात, आणि घरच्यांनी ती मागून घ्यायला हरकत नाही.