सेवाग्रामात राहिलेला ढोल

आम्हा सोलापूरकरांना जपानी माणूस पहिल्यांदा भेटतो तो शत्रू म्हणून. जपानने चीनवर केलेले आक्रमण, 1938 साली तिकडे गेलेले पाच भारतीय डॉक्टर आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवणारे आमचे द्वारकानाथ कोटणीस, ही गोष्ट शाळेपासून तोंडपाठ. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. त्याच काळात आपल्याकडे राहणाऱ्या जपान्यांचे काय झाले, हा प्रश्न मला पन्नाशी ओलांडल्यावर पडला.

मुंबई–कोबे जहाजसेवा 1893 साली जमशेटजी टाटांच्या खटपटीने सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. मागोमाग जपानी पेढ्या मुंबईत आल्या. 1933 मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा दोन्ही सरकारांना वाटाघाटीला बसावे लागले. इतके हे धागे गुंतले होते. जुलै 1941 मध्ये जपानी मालमत्ता गोठवली गेली आणि बरेच जण मायदेशी परतले. डिसेंबरात युद्ध पेटताच उरलेल्यांची धरपकड झाली. कोणी काय केले, हे पाहण्याची गरज नव्हती. जन्म कुठला, एवढे पुरे होते.

सेवाग्रामच्या आश्रमातून केशव नावाच्या बौद्ध भिक्षूला नेले. हा माणूस रोज छोटा ढोल वाजवून मंत्र म्हणे आणि नेमून दिलेले काम करी. जुलै 1942 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून जपानी जनतेला पत्र लिहिले. त्यात चीनवरील आक्रमणाचा त्यांनी कडक निषेध केला, तुमचे इथे स्वागत होणार नाही असेही बजावले. आणि त्याच पत्रात केशवची आठवण जिव्हाळ्याने काढली. मला हे पत्र फार मोठे वाटते. जपानी सत्ता आणि जपानी माणूस यांची गल्लत त्यात कुठेही नाही. दोनच आठवड्यांनी गांधीजी स्वतः तुरुंगात गेले. केशवच्या मंत्राने प्रार्थना सुरू करण्याची आश्रमाची रीत मात्र राहिली.

केशव एकटा होता. मलाया-सिंगापूरहून जहाजाने आणलेल्यांत तर कुटुंबेच्या कुटुंबे होती: दुकानदार, फोटोग्राफर, न्हावी, त्यांच्या बायका, तान्ही पोरे. जवळपास तीन हजार माणसे दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत राहिली. विषुववृत्ताजवळून आलेल्या या लोकांना आधी दिल्लीची थंडी आणि मग उन्हाळा सोसावा लागला. आजारांनी माणसे दगावली. ऑगस्ट 1942 मध्ये काही जण युद्धबंद्यांच्या नव्हे, तर नागरिकांच्या अदलाबदलीत सुटले. बाकीच्यांना पुढे राजस्थानातल्या देवलीला हलवले (वर्ध्याजवळचे देवळी वेगळे). कॉम्रेड डांगे वगैरे मंडळी जिथे स्थानबद्ध होती, तीच ही छावणी. जपान हरला ही बातमी तिथल्या अनेकांना खोटी वाटली. कैद्यांतच दोन तट पडले. फेब्रुवारी 1946 मध्ये गोळीबार होऊन त्यांतले काही मारले गेले. युद्ध संपून सहा महिने झाले होते. त्याच वर्षी शांतारामबापूंचा कोटणीसांवरचा चित्रपट पडद्यावर आला.

देवली पुन्हा भरली 1962 मध्ये. या खेपेला चिनी वंशाची कुटुंबे होती, आणि स्थानबद्ध करणारे सरकार आपले होते. कोटणीसांच्या पत्नी चिनी, मुलगा अर्धा चिनी. ती दोघे तेव्हा सोलापुरात राहत असती, तर त्यांच्या दारावर थाप पडली असती का? भैया चौकातल्या स्मारकावरून जाताना हे माझ्या मनात येते.